पायथनचा रिव्ह्यू, दादरच्या सीए ऑफिसातून

दादर पश्चिमेला एका जुन्या इमारतीत आमची सीए फर्म आहे आणि तिथलं सॉफ्टवेअर मी सांभाळते. जीएसटीची बिलं जुळवणारा प्रोग्राम आम्ही ऑफिसातच लिहिलाय, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. हा रिव्ह्यू त्या पायथनचा आहे. सोबत रस्ट आणि गो या दुसऱ्या दोन भाषांबद्दलही बोलेन, कारण दोन्ही आमच्याकडे थोड्याफार वापरात आहेत. एखाद्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की "पायथन स्लो आहे" हे पहिल्याच दिवशी कोणीतरी ऐकवतं. ते खरंही आहे. पण ते ऐकून भाषा बदलण्याआधी आपलं काम नेमकं कुठे अडतंय ते बघावं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापलाय, पण तो स्पीडसाठी नाही.

आधी काम सांगते, कारण कामाशिवाय भाषेची चर्चा हवेत राहते. व्यापारी माल घेताना जीएसटी भरतो आणि तो पुढे स्वतःच्या देण्यातून वजा करतो. हे क्रेडिट मिळायचं तर त्याच्या विक्रेत्याने ते बिल जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं असावं लागतं. त्याची तारीख दर महिन्याची ११. मग १४ तारखेला जीएसटीआर-२बी (आमच्या बोलण्यात टूबी) तयार होतं, त्यात सगळ्या विक्रेत्यांनी दाखवलेली बिलं एकत्र दिसतात. २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, भरायचं. मधल्या दिवसांत प्रत्येक क्लायंटचं पर्चेस रजिस्टर टूबीशी ताडून बघायचं, जुळत नाही ते बाजूला काढायचं आणि पार्ट्यांना फोन लावायचे.

दोन याद्या जुळवायच्या, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण विक्रेत्याने बिल नंबर टाकलेला असतो 'एबी/२४-२५/००४५' आणि आपल्या क्लायंटच्या अकाउंटंटने टॅलीत नुसता '४५'. कोणी स्लॅशच्या जागी डॅश देतं, कोणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ. एक्सेलमधून फाइल फिरून आली की सुरुवातीची शून्यं गळालेली असतात. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे फाइल बघून सांगता येत नाही. वर राउंड ऑफचे पैसे, दोन बिलांची मिळून एक एंट्री, एका बिलाच्या दोन. नागदेवी स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या व्यापाऱ्याची फाइल उघडली की हे सगळं एकाच स्क्रीनवर बघायला मिळतं.

पायथनची किंमत मला अशाच फाइलवर कळते. आमच्याकडे एक सीनियर अकाउंटंट आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. व्हॅटच्याही आधीपासून, विक्रीकराच्या काळापासून ते या कामात आहेत. त्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचं, लॅपटॉपवर पायथनचं नोटबुक (कोडची ओळ लिहून तिथेच चालवायची स्क्रीन) उघडायचं आणि न जुळलेल्या बिलांची यादी समोर ठेवायची. काका पेनाच्या टोकाने एकेक ओळ खाली येतात आणि मध्येच थांबतात.

"हे बघ गं, ही पार्टी नंबरच्या आधी अक्षर लावते. भिवंडीच्या गोडाउनमधून माल निघाला की बी, दुकानातून निघाला की एस. आपला माणूस ते अक्षर टाकतच नाही."

"मग या पार्टीपुरतं पहिलं अक्षर सोडून देऊ का?"

"या पार्टीपुरतंच हं. सरसकट सोडलंस तर दुसऱ्यांचे नंबर एकात एक मिसळतील."

मी एक ओळ लिहिते, चालवते, आणि काका बघत असतानाच यादी आखडते. त्यांचं पेन पुढच्या पार्टीवर गेलेलं असतं. मध्ये बिल्ड नाही, इन्स्टॉल नाही, "उद्या बघून सांगते" नाही. काका ती ओळ वाचूही शकतात. एकदा त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून "इथे क्रेडिट नोट पण येईल, ती वजा धर" असं सांगितलं आणि ते बरोबर होतं. नियम ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस आणि नियम ज्यात उतरवायचा तो कोड यांच्यात जितकं अंतर कमी, तितकं सॉफ्टवेअर कामाचं होतं. डेव्हलपर प्रॉडक्टिव्हिटी मी याला म्हणते. ओळी भरभर टाइप होणं हा त्यातला अगदी लहानसा भाग आहे.

आणि जीएसटीत नियम एका जागी बसत नाहीत. नियम ३६(४) घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये ठरलं की विक्रेत्याने न दाखवलेल्या बिलांचं क्रेडिट, दाखवलेल्या बिलांच्या क्रेडिटच्या २० टक्क्यांपर्यंतच घेता येईल. जानेवारी २०२० पासून ते १० टक्के झालं, जानेवारी २०२१ पासून ५, आणि जानेवारी २०२२ पासून काहीच नाही: टूबीत दिसेल तेवढंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएमएस आलं, म्हणजे आलेलं बिल पोर्टलवरच स्वीकारायचं, नाकारायचं किंवा थांबवून ठेवायचं. मग ३ सप्टेंबर २०२५ ला नवे दर जाहीर झाले आणि घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, लागूही झाले. बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. त्या महिन्याच्या फाइलमध्ये एकाच मालाची जुन्या आणि नव्या दरांची बिलं शेजारी शेजारी होती, आणि जुन्या बिलावरची क्रेडिट नोट नव्या तारखेची. सरकार आपल्याला जेवढा वेळ देतं तेवढ्यातच कोड बदलून, तपासून, ऑफिसातल्या सगळ्यांच्या हाती द्यावा लागतो. इथे पायथनने आम्हाला एकदाही तारीख चुकवू दिलेली नाही.

आता स्लो म्हणजे किती आणि का. सी या जुन्या वेगवान भाषेत किंवा रस्टमध्ये दोन आकड्यांची बेरीज लिहिली की कंपायलरला (कोड आधीच मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामला) आधीच माहीत असतं की दोन्ही पूर्णांक आहेत. प्रोसेसरला एक सूचना, काम संपलं. पायथनमध्ये बेरजेच्या खुणेशी पोहोचल्यावर इंटरप्रिटर (कोड चालवता चालवताच वाचणारा प्रोग्राम) आधी बघतो की डावीकडे काय आहे: आकडा, मजकूर की यादी? उजवीकडे काय आहे? या जोडीसाठी बेरीज कशी करायची? मग उत्तरासाठी मेमरीत नवी वस्तू तयार करतो. ६४ बिटच्या मशीनवर पायथनचा साधा लहानसा पूर्णांक २८ बाइट घेतो. तोच आकडा नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संचातल्या) ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, ८ बाइटमध्ये मावतो. लाखो ओळींच्या लूपमध्ये ही प्रत्येक विचारपूस पुन्हा पुन्हा होते. अगदी नव्या आवृत्त्यांत इंटरप्रिटर आधीच्या फेऱ्यांवरून अंदाज बांधून काही विचारपूस टाळतो, पण मूळ स्वभाव तोच. त्यात जीआयएल नावाचं कुलूप: एका प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्राममध्ये) एका वेळी एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, पायथनचा कोड चालवू शकतो. आमच्या कामात जीआयएल फारसा आडवा येत नाही, कारण प्रत्येक क्लायंटची फाइल स्वतंत्र असते आणि आम्ही क्लायंटमागे वेगळी प्रोसेस चालवतो.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण मला एमआयटीच्या संशोधकांच्या लेखात मिळालं, २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या. त्यांनी ४०९६ बाय ४०९६ च्या दोन मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकोनी तक्त्यांचा) गुणाकार साध्या तीन लूपमध्ये पायथनमध्ये लिहिला. वेळ लागला सुमारे सात तास. तोच कोड सीमध्ये लिहिल्यावर नऊ मिनिटं, म्हणजे ४७ पट वेगवान. इथपर्यंतचं वाचून लोक निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण त्यांचं काम पुढेच सुरू झालं. काम प्रोसेसरच्या १८ कोअरमध्ये वाटलं, मॅट्रिक्सचे तुकडे कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, मावतील असे केले, एका झटक्यात अनेक आकड्यांवर चालणाऱ्या व्हेक्टर सूचना वापरल्या. शेवटी तो गुणाकार अर्ध्या सेकंदाच्या आत, ०.४१ सेकंदात आला. मूळ पायथनच्या साठ हजार पटींहून जास्त. त्यातले ४७ पट भाषेचे. उरलेले तेराशेच्या आसपास पट, भाषा तीच ठेवून, काम कसं मांडलं त्याचे.

आमच्या फाइलवर हाच हिशेब कागदावर मांडून दाखवते. समजा मोठ्या क्लायंटच्या रजिस्टरमध्ये २०,००० बिलं आहेत आणि टूबीत २५,०००. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना केली तर ५० कोटी जोड्या. बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो, नियमच आहे. दोन नंबरांत किती अक्षरांचा फरक आहे हे काढायची लेव्हेन्श्टाइनची पद्धत १६ बाय १६ ची चौकट भरते, म्हणजे एका जोडीला २५६ घरं. एकूण १२,८०० कोटी घरं. शुद्ध पायथनने सेकंदाला एक कोटी घरं भरली असं धरलं तर साडेतीन तास. कोणीही म्हणेल, टाका हे पायथन आणि सीमध्ये लिहा. सी ५० पट वेगवान धरली तर झालं सव्वाचार मिनिटांचं काम.

पण थांबा. वेगवेगळ्या विक्रेत्यांची बिलं एकमेकांशी ताडायचीच कशाला? प्रत्येक बिलावर विक्रेत्याचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, असतो, १५ अक्षरांचा. आधी त्यावरून गठ्ठे पाडा. ४०० विक्रेते असतील आणि बिलं त्यांच्यात साधारण सारखी वाटलेली असतील, तर ५० कोटींच्या १२ लाख ५० हजार जोड्या उरतात. तेच हळू पायथन आता ३२ सेकंद घेतं. भाषा न बदलता सीच्या सव्वाचार मिनिटांना मागे टाकलं. आणि हे गठ्ठे पाडायची कल्पना काकांची; हातानं काम करायचे तेव्हाही ते आधी पार्टीवार गठ्ठेच लावायचे. पुढे त्यांनीच सुचवलं की जीएसटीआयएनमधली पहिली दोन अक्षरं राज्याची, महाराष्ट्राला २७, आणि पुढची दहा पॅनची. गुजरातच्या नोंदणीवरून बिल आलं आणि आपल्याकडे महाराष्ट्राची नोंद असली तर पॅनवरून पकडा. एका ओळीचा बदल, आणि दर महिन्याला सुटून जाणारी बिलं सापडायला लागली.

३२ सेकंदही मला जास्तच वाटतात, ते का ते पुढे सांगते. अक्षरांचा फरक मोजायचं काम आता आमच्याकडे रॅपिडफझ ही लायब्ररी करते. वापरायची पायथनमधून, आतला कोड सी प्लस प्लसमध्ये. ती चौकटीतलं घर न् घर भरत नाही. १६ अक्षरांची अख्खी रांग ६४ बिटांच्या एकाच आकड्यात बसवून एका झटक्यात पुढे सरकते. एक्सेल आणि सीएसव्ही वाचणं, गट पाडणं यासाठी पोलर्स ही दुसरी लायब्ररी, ती रस्टमध्ये लिहिलेली. म्हणजे आमच्या पायथन प्रोग्रामचा घाम गाळणारा भाग पायथनमध्ये नाहीच. पायथनच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा मी हाच मानते: इतर भाषांत घडवलेली उत्तम हत्यारं ते सहज हातात देतं.

आता माझं ठाम मत. कुठला भाग वेगवान भाषेत लिहायचा हे ठरवताना लोक फक्त विचारतात की कुठे जास्त वेळ जातो. मी दुसरा प्रश्नही विचारते: हा भाग किती वेळा बदलतो? लेव्हेन्श्टाइनने अक्षरांचा हा फरक १९६५ मध्ये मांडला आणि तो मोजायच्या पद्धतीत आता बदल होणार नाही. ती एकदा चांगली लिहा, कितीही अवघड भाषेत लिहा, वर्षानुवर्षं चालेल. उलट क्रेडिटचा नियम अडीच वर्षांत चार वेळा बदलला. तो तिथे ठेवा जिथे काकांच्या टेबलाशी बसून बदलता येईल. आमच्या नशिबाने, आणि बहुतेक धंद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असंच असतं, प्रोसेसरला दमवणारा भाग जुना आणि स्थिर आहे, तर रोज बदलणारा भाग प्रोसेसरच्या दृष्टीने किरकोळ आहे. ज्यांच्याकडे दमवणारा भागच रोज बदलतो, त्यांना माझा सल्ला लागू नाही.

रस्ट याच कसोटीवर घेतलं. बिल नंबर साफ करून त्याचे तुकडे पाडायचा भाग आमच्याकडे पक्का झाला होता, तो मी रस्टमध्ये लिहून पायओथ्री या दोन भाषा जोडणाऱ्या हत्याराने पायथनला जोडला. रस्ट शिकायला वेळ लागतो. कुठला मजकूर कोणाच्या मालकीचा, कोणी तो उसना घेतलाय, हे कंपायलरला पटवल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. पण तो जे विचारतो ते मोलाचं असतं. नंबरच नसलेलं बिल आलं तर काय, हे त्याने प्रोग्राम चालवायच्या आधीच विचारलं. पायथनने तेच १९ तारखेच्या संध्याकाळी विचारलं असतं. त्या भागात आजवर काही बिघडलेलं नाही, आणि वेगही दिसण्याइतका वाढला. तरीही अख्खा प्रोग्राम रस्टमध्ये न्यायचा विचार मी करत नाही. ऑफिसात ते वाचणारी मी एकटीच आहे. मी रजेवर असताना दर बदलले तर आमच्याकडे आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणारी मुलं पायथनमधला तक्ता दुरुस्त करू शकतात, रस्टमधला नाही.

गोची गोष्ट वेगळी. क्लायंटच्या विंडोज मशीनवर एक छोटा प्रोग्राम बसवावा लागतो, जो टॅलीतून निघालेली फाइल आमच्या सर्व्हरवर पाठवतो. लोहार चाळीतल्या दुकानात बसून, मागे गिऱ्हाइकं उभी असताना, तिथल्या जुन्या पीसीवर पायथन आणि त्याच्या लायब्रऱ्या बसवत राहणं शक्य नाही. गो एकच फाइल बनवून देतं. पेनड्राइव्हवरून कॉपी केली, चालू केली, निघालो. भाषा लहान आहे, काही दिवसांत हातात बसते, कंपाइल झटपट होतं. या कामाला मी गोला पाचपैकी पाच देईन.

आता त्या ३२ सेकंदांबद्दल. "मशीन स्वस्त, माणूस महाग, म्हणून स्लो भाषा चालते" हा युक्तिवाद मी मीटिंगांमध्ये भरपूर ऐकलाय. त्यात एक माणूस विसरला जातो: जो स्क्रीनसमोर बसून वाट बघतो तो. आमच्या सर्व्हरचं भाडं खरंच किरकोळ आहे. पण १९ तारखेच्या रात्री आठ आर्टिकल मुलं एकेका क्लायंटची फाइल चालवत असतात, त्यातली दोघं-तिघं कल्याणच्या पुढे राहतात आणि शेवटच्या गाडीवर डोळा ठेवून असतात. प्रत्येक फेरीत त्यांचा अर्धा मिनिट गेला, तर तो वेळ ना माझ्या पगारात दिसतो ना सर्व्हरच्या बिलात. तो त्यांच्या झोपेतून जातो. तो खर्च धरल्याशिवाय स्पीडचा हिशेब मांडूच नये.

शिवाय वाट बघण्याचे टप्पे असतात. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले आकडे आजही लागू पडतात: ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर लगेच झालंसं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांच्या पुढे माणसाचं लक्ष दुसरीकडे जातं. काकांच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उत्तर एका सेकंदात आलं की ते करून बघतात: "एक रुपयाचा फरक सोडून दे बरं... आता पाच रुपयांचा... नको, दोनच ठेव." अर्धा मिनिट लागला की ते पहिलाच आकडा ठेवतात आणि कपाटातली दुसरी फाइल काढतात. अर्ध्या मिनिटाचा एक सेकंद झाला तेव्हा नुसता वेळ वाचला नाही, काम चांगलं व्हायला लागलं. म्हणून वेग आणि प्रॉडक्टिव्हिटी यांना तराजूच्या दोन पारड्यांत टाकणं मला पटत नाही. काही मर्यादेपर्यंत वेग हीच प्रॉडक्टिव्हिटी असते.

प्रोग्रामरांच्या स्वतःच्या हत्यारांतही तेच दिसतं. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की त्यांच्या टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर, जो टाइपस्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता, तो गोमध्ये नेतोय. व्हीएस कोड या त्यांच्याच एडिटरचा सगळा कोड तपासायला ७७.८ सेकंद लागायचे, ते ७.५ वर आले. म्हणजे ज्यांची सगळी धडपड प्रोग्रामरचा वेळ वाचवायची, त्यांनाही तो वेळ शेवटी वेगवान भाषेतूनच मिळाला. पायथनमध्ये युव्ही या, लायब्रऱ्या बसवणाऱ्या, रस्टमध्ये लिहिलेल्या हत्याराने २०२४ पासून हेच केलंय. लायब्रऱ्या बसवताना चहा घेऊन यायचे दिवस संपले.

जिथे पायथन घेऊ नये अशी कामंही आहेत, ती आडपडदा न ठेवता सांगायला हवीत. माझी एक मैत्रीण बीकेसीत ट्रेडिंग फर्ममध्ये सी प्लस प्लस लिहिते. तिची ऑर्डर एक्सचेंजच्या सर्व्हरशेजारी ठेवलेल्या मशीनमधून निघते आणि तिथे हिशेब मायक्रोसेकंदांचा असतो. मेमरी साफ करायला भाषा मध्येच क्षणभर थांबली तरी सौदा हुकतो. डिस्कॉर्ड या चॅट ॲपच्या कंपनीने आपली एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेली ती अशा थांबण्यापायीच: दर दोन मिनिटांनी गार्बेज कलेक्टर, म्हणजे मेमरी साफ करणारा भाग, चालायचा आणि उत्तर द्यायला उशीर व्हायचा. तरी मैत्रिणीकडेही नवी स्ट्रॅटेजी आधी पायथनमध्येच तपासतात. बॅटरीवर चालणारं उपकरण, मोबाइल ॲप, गेम, इथेही पायथनच्या वाटेला जाऊ नका.

लिहायला कमी वेळ लागतो याला पुरावा काय, असं कोणी विचारलं तर मी लुट्झ प्रेखेल्ट या संशोधकाचं काम पुढे करते. २००० साली त्यांनी एकाच कामाचे, वेगवेगळ्या प्रोग्रामरांनी लिहिलेले सुमारे ८० प्रोग्राम तपासले. भाषा सात, सी, सी प्लस प्लस, जावा, पर्ल, पायथन, रेक्स आणि टीसीएल. शेवटच्या चार, म्हणजे स्क्रिप्टिंगच्या, भाषांत लिहायला पहिल्या तीन भाषांच्या निम्म्याहून जास्त वेळ लागला नाही आणि कोडही निम्म्याच लांबीचा झाला. पण त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: एकाच भाषेत लिहिणाऱ्या दोन माणसांतला फरक हा दोन भाषांमधल्या फरकाइतका किंवा त्याहून मोठा निघाला. अभ्यास पंचवीस वर्षांचा जुना आहे, भाषा पुढे गेल्यात, पण माणसांबद्दलचं ते निरीक्षण आमच्या ऑफिसात रोज खरं ठरतं.

कापलेल्या स्टारकडे येते. पायथन चुका उशिरा दाखवतं. बिल नंबर मजकूर आहे, आकडा नाही, हे फाइल वाचणाऱ्या प्रत्येक ओळीला बजावून सांगावं लागतं, नाहीतर ००४५ चा ४५ होतो आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही. टाइप हिंट (कुठे आकडा, कुठे मजकूर हे कोडमध्ये सांगणाऱ्या खुणा) २०१५ पासून, ३.५ आवृत्तीपासून आहेत, पण प्रोग्राम चालताना पायथन स्वतः त्यांच्याकडे बघत नाही. मायपायसारखं, त्या खुणा तपासणारं, वेगळं हत्यार चालवायची शिस्त ऑफिसला लावून घ्यावी लागते. आम्ही लावली आहे, आणि नव्या माणसाचा कोड त्यातून गेल्याशिवाय सर्व्हरवर चढत नाही. रकमा आम्ही रुपयांऐवजी पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवतो. दशांश रकमांच्या बेरजेत येणारी शेपटं त्यामुळे येतच नाहीत. पण हे सगळं पाळावं लागतं. भाषेने पाळायला लावलं असतं तर पाच स्टार दिले असते.

आवृत्तीबद्दल. कोणाकडे अजून ३.१० किंवा त्याआधीचं असेल तर आजच बदला. ऑक्टोबर २०२२ च्या ३.११ मध्ये पायथनच्या स्वतःच्या चाचण्यांत सरासरी २५ टक्के वेग वाढला, तोही कोडला हात न लावता. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये जीआयएल नसलेली आवृत्ती अधिकृतपणे मान्य झाली, पण एकाच थ्रेडवर चालणारा कोड तिच्यात साधारण ५ ते १० टक्के हळू चालतो. प्रोसेस वाटून काम भागत असेल तर घाई करू नका. आम्हीही केलेली नाही.

पायथनला पैसे लागत नाहीत आणि मुंबईत पायथन येणारी मुलं भरपूर मिळतात. पण विकत न घेतलेल्या वस्तूचीही देखभाल असते, आणि पायथनच्या बाबतीत ती म्हणजे प्रोफाइलिंग. वेळ कुठे जातोय हे अंदाजाने ठरवू नका, पाय-स्पाय चालवून बघा. चालू प्रोग्राम न थांबवता ते दाखवतं. आम्ही त्यासाठी दर महिन्याची २१ तारीख ठेवली आहे. रिटर्न भरून झालेली असतात, त्या महिन्याच्या खऱ्या फाइली सर्व्हरवर असतात, आणि कुठली स्क्रीन किती वेळ अडली हे आदल्या रात्री थांबलेल्या मुलांना तोंडपाठ असतं.